बारमाही शाळा : अमेरिकेतील लोकमत

उन्हाळ्याची लांब सुट्टी मोडून ती वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी देणारे शालेय वेळापत्रक. शाळेचे एकूण दिवस यात सहसा वाढत नाहीत, ते १८० च्या आसपासच राहतात. पण नाव ऐकून मुलांना बाराही महिने जुंपणार असे पालकांना वाटते आणि बराचसा विरोध तिथूनच सुरू होतो. सर्वांत रूढ पद्धत ४५-१५ ची : ४५ दिवस शाळा, मग १५ दिवस, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन आठवडे सुट्टी.

काही ठिकाणी सगळी शाळा एकदम सुट्टीवर जाते. वाद पेटतो तो दुसऱ्या प्रकारावर. त्यात मुलांचे चार गट (ट्रॅक) पाडतात. तीन शाळेत, एक सुट्टीवर. ७५० मुलांच्या इमारतीत अशी १,००० मुले मावतात. सुट्टीवरून परतलेल्या गटाला सुट्टीवर गेलेल्यांची वर्गखोली मिळते, त्यामुळे काही शिक्षकांना दर थोड्या आठवड्यांनी तक्ते, पुस्तके, खोकी उचलून बिऱ्हाड हलवावे लागते. थोडक्यात, हा मुळात जागेच्या टंचाईवरचा उपाय. शैक्षणिक फायद्याची भाषा पुष्कळदा मागून येते.

नॉर्थ कॅरोलायनातील वेक काउंटीत (राजधानी रॅली, शेजारी केरी, मॉरिसव्हिल) हे वेळापत्रक पालक हौसेने निवडत होते, तोवर कुरकुर फारशी नव्हती. लोकसंख्या भराभर वाढल्यावर २००७ मध्ये शाळा मंडळाने २२ शाळांवर ते लादायचे ठरवले आणि पालक कोर्टात गेले. पालकांच्या संमतीशिवाय मुलांना अशा शाळेत घालता येणार नाही, असा निकाल त्याच वर्षी लागला. गंमत म्हणजे, संमतीपत्रे वाटल्यावर बहुतेकांनी होकारच दिला. मे २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र मंडळातले बहुमत फिरले. त्याला मुलांच्या शाळावाटपावरचा रागही कारण होता. राग वेळापत्रकापेक्षा सक्तीवर होता, हे यातून उघड दिसते.

रोजची खरी अडचण भावंडांची. माध्यमिक शाळा बहुधा जुन्याच वेळापत्रकावर राहते, म्हणजे धाकटी सुट्टीवर तेव्हा थोरला वर्गात. नोकरदार आईबापांना दर सुट्टीला मुलांची सोय शोधावी लागते. केरी-मॉरिसव्हिलमध्ये भारतीय कुटुंबे पुष्कळ, त्यांत मराठीही. आजोळी दोन महिने राहण्याचा बेत तीन आठवड्यांत कोंबावा लागतो.

लॉस एंजेलिसमध्ये चित्र वेगळे. गर्दीच्या, मुख्यतः गरीब लॅटिनो वस्त्यांतील शाळांत 'कन्सेप्ट ६' हे तीन गटांचे वेळापत्रक होते. त्यात दिवस १६३ वर आले. भरपाई रोजचा वेळ वाढवून. सुखवस्तू भागांतल्या मुलांना पूर्ण १८० दिवस, हा अन्याय कोर्टात गाजला आणि २००४ च्या तडजोडीत ही पद्धत २०१२ पर्यंत बंद करायचे ठरले.

पर्यटन व्यवसायाचा सूरही या वादात कायम असतो : उन्हाळा आखडला की किनाऱ्यावरचा धंदा बसतो. लांब सुट्टी शेतीसाठी पडली, हा दोन्ही पक्षांचा आवडता दाखला मात्र कच्चा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यांतल्या शाळा पेरणी-कापणीला, वसंतात आणि शरदात बंद असत आणि उन्हाळ्यात भरत. वेक काउंटीच्या आकडेवारीवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वेळापत्रकाचा सरासरी गुणांवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही.