कोपीतलं मूल आणि शाळेचा हजेरीपट: बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, निपाणी, गोकाक या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडून, जत तालुक्यातून, विजयपूर जिल्ह्यातून आलेल्या या कुटुंबांचा पुढचा सगळा हंगाम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जातो. बरोबर शाळेच्या वयाची मुलं असतात. त्यांना जवळच्या सरकारी शाळेत नेलं की आधी विचारणा होते दाखल्याची आणि मग पत्त्याची. वीटभट्टीवरच्या, रस्त्याकडेच्या पालातल्या, पुरात घर गेलेल्या मुलांनाही हेच विचारलं जातं. कायद्याने २०१० सालीच ही अडवणूक बंद केली आहे. तरी ती टिकून आहे, कारण शाळेचं मूल म्हणजे हद्दीतलं मूल ही समजूत या भागात त्याच्याही ९० वर्षं आधीपासून रुजलेली आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, आज बेळगाव शहरात असलेलं शहापूर सांगली संस्थानात, तर बेळगाव, चिक्कोडी, अथणी, गोकाक ब्रिटिश मुंबई इलाख्यात. इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करता येऊ लागलं. १९२३ आणि १९४७ च्या कायद्यांनी ही व्यवस्था विस्तारली. हे सगळे कायदे मोठ्या मनाने केलेले होते, पण त्यांचा पाया एकच होता: हद्द जाहीर करायची, त्या हद्दीत राहणाऱ्या मुलांची यादी करायची आणि त्यांच्या पालकांवर सक्ती करायची. जो कुठल्याच हद्दीत राहत नाही, तो यादीत नाही आणि सक्तीतही नाही. मेंढरांमागे फिरणारा धनगराचा मुलगा, डोंबाऱ्याची मुलगी, खाणीवरच्या वडराचं पोर यांना शाळेने नाकारलं असं कागदावर कुठे दिसत नाही. त्यांची मोजदादच झाली नाही.

फिरस्त्या जमातींपैकी काहींची मोजदाद वेगळ्या वहीत झाली. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं जाळं १९११ नंतर मुंबई इलाख्यातही पसरलं. विजापूर (आजचं विजयपूर), हुबळी, सोलापूर इथे तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे शाळा होत्या. पण याच कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहासारख्या शाळेत ठेवण्याची तरतूदही होती. मुंबई राज्याने १९४९ साली आणि देशाने १९५२ साली हा कायदा रद्द केला. सीमाभागातल्या एखाद्या पारधी किंवा हरणशिकारी पालावर आज वही-पेन घेऊन नावं लिहायला कोणी गेलं आणि बायका मुलांना आत घेऊन बसल्या, तर त्यामागे हा इतिहास आहे. म्हणून पहिल्या दिवशी फोटो काढू नयेत, आधार मागू नये आणि शक्यतो अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला बरोबर घ्यावं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिने घटनेत ३५०-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने सोयी कराव्यात. त्याआधी १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळा या आधारावर उभ्या आहेत. १९६१ साली म्हैसूर राज्याने स्वतःचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा हा सीमाप्रश्न सर्वांना पाठ आहे. त्याच काळात सीमा ओलांडून दरवर्षी येणारी आणि जाणारी मुलं मात्र दोन्ही बाजूंच्या मराठी माणसांच्या बोलण्यात फारशी आली नाहीत, हे कबूल करायला हवं.

१९९२ साली मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने तो हक्क १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पक्का केला, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-अ कलम आलं आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. या कायद्याने सक्तीची दिशाच बदलली. पूर्वी ती पालकावर होती, आता सरकारवर आहे. आणि हक्क हद्दीशी बांधलेला राहिला नाही, तो मुलाबरोबर चालतो. नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांमध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे.

मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे उपयोगी पडतात ती कलमं चार. कलम ४: मूल वयाला साजेशा वर्गात बसलं पाहिजे. नऊ वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल तरी तिचं नाव चौथीत लागतं आणि राहिलेलं शिकवण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. तिला पहिलीत बसवणं सोपं वाटतं, पण सहा वर्षांच्या मुलांत बसलेली मोठी मुलगी लाजते आणि यायचं थांबते. कलम ५: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५: शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी प्रवेश द्यायचा. डिसेंबरात आलेलं मूल डिसेंबरातच दाखल होतं.

आधार कार्डाबद्दल २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणारे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले शिष्यवृत्तीसाठी लागतात, प्रवेशासाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. महाराष्ट्रातून आलेलं कुटुंब नाडकचेरीत खेटे घालत बसतं आणि तोवर हंगाम संपतो.

आता प्रत्यक्ष काम. कोण कुठे उतरलंय याची खरी माहिती कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते. कुठल्या गटात कुठल्या मुकादमाची (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची) टोळी, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या), हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असतं. टोळीचा प्रकार आधी विचारावा. बैलगाडीची टोळी कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहते, त्यामुळे एका शाळेतला प्रवेश शेवटपर्यंत टिकतो. ट्रॅक्टर-ट्रकची टोळी गावोगाव सरकते. तिच्या मुलांसाठी पहिल्याच शाळेने हजेरीचा लेखी उतारा तयार ठेवावा, म्हणजे पुढच्या गावात पुन्हा शून्यापासून सुरुवात होत नाही. सीआरपीला (आसपासच्या शाळांचं काम पाहणाऱ्या शिक्षण खात्याच्या समन्वयकाला) दोन्ही शाळा माहीत असल्या तर हे काम एका फोनवर होतं.

पालकांना गाठायचं तर संध्याकाळी. पहाटेच्या अंधारात ते फडात गेलेले असतात. आणि आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत का येत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्या कडेवर असतं: धाकटं भावंड. धाकट्याला त्याच दिवशी अंगणवाडीत घातल्याशिवाय थोरलीचा प्रवेश कागदावरच राहतो. दोन्ही नावं एकाच फेरीत लावावीत.

अर्जावर पत्त्याच्या रकान्यात आजचा मुक्काम लिहावा: ऊसतोड तळ, अमुक कारखान्याजवळ, गावाचं नाव. खाली मूळ गाव, तालुका, जिल्हा आणि मुकादमाऐवजी शक्यतो आईचा किंवा बापाचा फोन. मुकादम बदलतो. जन्मतारखेसाठी दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद, किंवा तेही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं. गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहून टाकायची जुनी रीत दोन्ही राज्यांत आहे आणि ती महागात पडते. हीच तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते आणि आधारशी जुळत नाही. आईकडे गरोदरपणातलं कार्ड आहे का, मूल कुठल्या सणाच्या सुमारास झालं, एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात.

नावाचं स्पेलिंग हा सीमाभागातला खास गुंता. मुलाचं नाव महाराष्ट्राच्या नोंदीत मराठीत, इथल्या नोंदीत कन्नडमध्ये आणि संगणकावर इंग्रजीत लिहिलं जातं. आडनाव आधी की शेवटी यानेही फरक पडतो. कर्नाटकाची विद्यार्थी नोंद सॅट्सवर, महाराष्ट्राची सरलवर, आणि ही दोन्ही संकेतस्थळं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांना जोडणारा धागा आहे यूडायस प्लस या देशभराच्या शालेय नोंदणीवरचा पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. मूळ शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं की नव्या शाळेला पेन आणि जन्मतारखेवरून ते ओढून घेता येतं. म्हणून गावाकडच्या शिक्षकांकडून पेन क्रमांक मागून घ्यावा आणि नाव त्यातल्या स्पेलिंगप्रमाणेच लिहावं. ऑनलाइन नोंद अडली तरी शाळेच्या वहीत नाव त्याच दिवशी लावता येतं. संगणकाच्या तारखेसाठी मुलाने थांबायचं नाही.

मूळ शाळा नाव सोडत नाही यालाही कारण आहे. कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. पट घसरला की पद जातं. त्यामुळे बीडच्या वस्तीवरची शाळा दाखला द्यायला नाखूश असते, तिला दोष देऊन उपयोग नाही. महाराष्ट्राने यावर शिक्षण हमी पत्रकाची वाट काढली: मूळ शाळेत नाव कायम ठेवून मूल हंगामापुरतं दुसऱ्या शाळेत बसतं. हे पत्रक घेऊन आलेल्या मुलाला इथेही बसू द्यावं. नाव दोन पटांवर चढवू नये, हजेरी स्वतंत्र ठेवावी. पण जे मूल गावाकडेही कुठल्याच पटावर नाही, त्याचा इथे नवा, पूर्ण प्रवेशच करावा.

पुस्तकं कमी पडतात, कारण पट ३० सप्टेंबरच्या आकड्यावर मोजला जातो आणि टोळ्या त्यानंतर येतात. शिल्लक संच तालुक्याच्या बीआरसीत (शिक्षण खात्याच्या साधन केंद्रात) किंवा शेजारच्या शाळेत सापडतात. जानेवारीत मागण्यापेक्षा नोव्हेंबरात मागावेत. जेवणाचं तसं नाही. अक्षर दासोहाचा, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, तांदूळ रोजच्या हजेरीवर धरला जातो, पहिली ते पाचवी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. दाखल होण्याआधी आलेल्या मुलालाही त्या दिवशी ताट द्यावं.

माध्यमाचा प्रश्न नाजूक आहे आणि तो टाळू नये. तळाला सर्वांत जवळची शाळा बहुधा कन्नड असते. बीडचं मूल तिथे पाच महिने गप्प बसून राहतं. मराठी शाळा एक-दीड किलोमीटरवर असेल तर टोळीतली पाच-सात मुलं मिळून चालत जाऊ शकतात. कायद्याचं २९ वं कलम शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच म्हणतं. उलट विजयपूरकडचं कन्नड मूल केवळ पट वाढावा म्हणून मराठी शाळेत ओढू नये. मराठी शाळांचा पट घटतोय ही चिंता खरी आहे, पण तिचा भार या मुलांवर टाकणं योग्य नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेकाठची घरं पडली, कागद भिजले, वाहून गेले. अशा मुलांसाठी वेगळा नियम लागत नाही; वरचीच चार कलमं पुरतात. बसस्थानकावर किंवा रेल्वे स्टेशनवर एकटं आढळलेलं मूल मात्र वेगळं. त्याच्यासाठी १०९८ ला फोन करावा; २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आईबापांसोबत ताडपत्रीखाली राहणाऱ्या मुलाला हा मार्ग लावू नये. गरिबी हे मूल तोडण्याचं कारण नाही, आणि ज्या जमातींच्या आज्यांनी ते एकदा भोगलंय त्यांच्याबाबतीत तर मुळीच नाही.

पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम संपायच्या, आधी, साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शाळेने परतीचे कागद तयार करावेत. टोळी एका रात्रीत हलते, तेव्हा मुख्याध्यापकांना शोधायला वेळ नसतो. पूर्ण प्रवेश असेल तर दाखला, हमी पत्रकावर बसलेलं असेल तर हजेरीचा उतारा, दोन्हींबरोबर मूल्यमापनाची नोंद आणि तिच्या खाली दोन ओळी: मूल काय वाचू शकतं, गणितात कुठवर आलंय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते आईच्या हाती द्यावं. एक प्रत फोनवर गावाकडच्या शाळेलाही पाठवावी.