आधी गाळ, मग तिवर: ठाणे खाडीकाठच्या जंगलाची पार्श्वभूमी

ऐरोली किंवा वाशीच्या पुलावरून दिसणारी खाडीकाठची तिवरांची, म्हणजे खारफुटीची, सलग हिरवाई शेकडो वर्षांची असावी, असे अनेकांना वाटते. तिचा बराचसा भाग गेल्या काही दशकांत वाढला आहे. मुळात पाण्याखालचा गाळ वर आला आणि त्यावर हे जंगल चढले. नव्याने झाडे उगवलेली जमीन वन मानायची का, उघड्या चिखलावर आणखी रोपे लावायची का, असे जे वाद आज होतात, ते हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय उलगडत नाहीत.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. खाजणांचे बांध, मिठागरे, सरपणासाठी होणारी तोड. १८५४ मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल आला. खरा बदल झाला तो १९६० नंतर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, पारसिकच्या डोंगरात खाणी लागल्या, त्याच काठावर भराव टाकून नवी मुंबई वसली. वाशीचा पहिला पूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा. उल्हास नदीशी खाडीचा सांधा आधीच अरुंद होता. त्यात पात्र आक्रसले, प्रवाह मंदावला आणि गाळ बसत गेला.

उघड्या जमिनीवर जंगल कसे उभे राहते, याचा पाठ्यपुस्तकातला धडा मात्र बर्फाळ प्रदेशातून आलेला आहे. अलास्कातल्या ग्लेशियर बे या उपसागराचे तोंड १७९४ मध्ये बर्फाने जवळजवळ बुजलेले होते. त्यानंतर बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटला. उघड्या पडलेल्या दगडगोट्यांवर १९१६ मध्ये काही चौकोन आखले गेले आणि त्यांतल्या वनस्पतींची नोंद सुरू झाली. आधी शेवाळ आणि दगडफूल, मग जमिनीलगत पसरणारी ड्रायस, मग मातीत नत्र भरणारे आल्डर, शेवटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे जंगल, असा क्रम पुस्तकांत रुजला. त्याच भागातल्या मलास्पिना हिमनदीच्या कडेला तर बर्फावर साचलेल्या दगडमातीतच झाडे वाढली आहेत. पुढे १९९० च्या दशकात झाडांच्या खोडांतली वर्तुळे तपासली, तेव्हा उपसागरातल्या सगळ्या जागा एकाच वाटेने गेलेल्या नाहीत, असे दिसले.

खारफुटीबाबतही अशीच एक समजूत होती. झाडे मुळांत गाळ अडवतात, जमीन तयार करतात आणि पुढच्या जातीला जागा करून देतात, असे १९४० च्या सुमारास मानले जाई. नंतरच्या अभ्यासकांनी बाजू पालटली: गाळ भरतीच्या पातळीपर्यंत आला की झाड त्याच्या मागून येते. ठाणे खाडी पाहता मला दुसरे म्हणणे पटते. तिवर गाळ धरून ठेवते, आणत नाही. त्याचे बी फळातच अंकुरते, पावसाळ्यात गळून पाण्यावर तरंगत जाते आणि ओला, स्थिर चिखल मिळाला की काही दिवसांत मूळ धरते.

इथे शब्दांचा घोळ नीट पाहायला हवा. बोलण्यात आपण खारफुटी म्हणतो, काठावरचे लोक तिवर म्हणतात, सरकारी कागदावर ‘कांदळवन’ असते. कांदळ ही वेगळी जात: आधारमुळांची, लांब शेंगेसारखी रोपे झाडावरच वाढवणारी. खाडीत मात्र बहुसंख्य झाडे तिवराची आहेत, कारण खारेपणातले चढउतार आणि सांडपाणी ती जास्त सोसतात. २०१२ मध्ये राज्याने खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष उघडला तेव्हा पाटीवर कांदळवनच आले. २०२० मध्ये राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान मिळाला पांढऱ्या चिप्पी या तिसऱ्याच जातीला. नावांचा हा फरक किरकोळ नाही, कारण ‘कांदळवन’ म्हणताना ‘वन’ हा शब्द त्यात शिरला. २००५ च्या अंतरिम न्यायालयीन आदेशाने राज्यभर तोड थांबवली, खारफुटीपासून ५० मीटरपर्यंत बांधकाम रोखले आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले. तो आदेश नसता तर आज काठावर काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. २०१८ च्या अंतिम निकालाने तो पायंडा पक्का केला. पण भरतीचे पाणी शिरून ज्या भूखंडावर तिवर नव्याने उगवले, तो भूखंड की वन, हा तंटा तिथूनच सुरू झाला. आणि लक्ष झाडांवर एकवटल्याने त्यांच्या पुढ्यातला उघडा चिखल लोकांच्या लेखी ‘रिकामी जागा’ ठरला.

तो रिकामा नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या संख्येने येणारे फ्लेमिंगो त्याच चिखलातल्या सूक्ष्म शैवालावर जगतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, तेव्हा सुमारे १,६९० हेक्टरमध्ये तिवरांबरोबर जवळजवळ ८०० हेक्टर पाणीक्षेत्रही आखले गेले. २०२२ मध्ये सुमारे ६५ चौरस किलोमीटर क्षेत्र महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. सध्याचा वाद त्या हद्दीच्या आतला आहे: तिवर दरवर्षी पुढे सरकते, तेवढा पक्ष्यांचा चिखल कमी होतो, आणि अशा वेळी उघड्या चिखलावर खारफुटीची रोपे लावणे याला संवर्धन म्हणायचे का.