पारशी कॉलनी ही पारशी बाग नव्हे

दादर टीटीला उभं राहून ‘ती पारशी बाग कुठे आली हो?’ असं विचारणारे आजही भेटतात. लिहिणारे तर बेधडक ‘दादरची पारशी बाग’ असं छापतात. दादरला आहे ती कॉलनी. हा शब्दांचा खेळ नाही, दोन्हींचा पायाच वेगळा आहे.

‘बाग’ म्हणजे इथे झाडांची नव्हे, पारशांची बंदिस्त वसाहत. ती बहुतेकांनी पाहिलेली असते. कुलाब्याची खुसरू बाग घ्या, नाहीतर भायखळ्याची रुस्तम बाग. भोवती भिंत, फाटकावर पहारेकरी, आत एका धाटणीच्या इमारती. मालकी पारशी ट्रस्टची, राहणारे पारशी. झालं.

कॉलनीची कुळकथा प्लेगपासून सुरू होते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दाट वस्तीचा धसका घेऊन सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. शहर उत्तरेला पसरावं म्हणून ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रस्ते आखले, प्लॉट पाडले. ट्रस्टमध्येच मनचेरजी एदलजी जोशी हे पारशी इंजिनिअर होते. जुन्या मुंबईत कोंडून राहणाऱ्या मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यांनी १०३ प्लॉट राखून घेतले.

घोळ नेमका इथे होतो. राखीव झाले ते प्लॉट, रस्ते नव्हेत. प्लॉट ज्याने त्याने भाडेपट्ट्याने घेतला आणि त्यावर आपलं घर बांधलं. म्हणून तिथे एका घराचा कठडा नक्षीदार लोखंडाचा, तर शेजारच्याचा साध्या सिमेंटचा. घरं पारशांची, पण समोरचा रस्ता शहराचा. भिंत नाही, फाटक नाही, ‘कोणाकडे जायचंय?’ हा प्रश्न नाही. माटुंग्याच्या कॉलेजांतली मुलं जुन्या झाडांच्या सावलीतून खुशाल चालत जातात, संध्याकाळी फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर कुणीही येऊन बसतं. उंबऱ्यावरची चुन्याची रांगोळी जाणाऱ्या-येणाऱ्याला सहज दिसते. मला हा मोकळेपणा बागेच्या बंदोबस्तापेक्षा कितीतरी जास्त आवडतो, आणि कॉलनीला ‘बाग’ म्हटलं की नेमका तोच पुसला जातो.

कॉलनी ‘श्रीमंतांसाठी वसवलेली’ असंही म्हणतात, तेही चूक. श्रीमंती जागेच्या भावाबरोबर नंतर आली.

कॉलनीची खरी जुळी बहीण शोधायची तर कुलाब्याला जाऊ नका, आंबेडकर रोड ओलांडा. पलीकडची हिंदू कॉलनी त्याच ट्रस्टच्या आखणीतली. बाबासाहेबांचं राजगृह तिथेच आहे.

नावावर विसंबून मात्र राहू नका. ह्यूजेस रोडची खरेघाट कॉलनी म्हणवते कॉलनी, पण ती पारशी पंचायत या समाजाच्याच ट्रस्टच्या ताब्यातली वसाहत, म्हणजे जातकुळी बागेची. आणि फाइव्ह गार्डन्स या खऱ्याखुऱ्या बागा, झाडांच्या आणि हिरवळीच्या. त्यांना मनचेरजी जोशींचंच नाव दिलेलं आहे.