पानाच्या टोकावरचा थेंब

आषाढात पहाटे उठून पाहिलं, की आमच्या टिळकवाडीच्या घरातल्या मॉन्स्टेराच्या, म्हणजे भोकाभोकांच्या मोठ्या पानांच्या शोभेच्या वेलाच्या, पानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत असतो. खिडकी रात्रभर बंद, छतही गळत नाही. हा थेंब झाडानंच बाहेर टाकलेला असतो. पावसाळी हवा आधीच ओलीगच्च आणि रात्री पानांची रंध्रं मिटलेली, त्यामुळे पाण्याची वाफ फारशी होत नाही. मुळं मात्र पाणी ओढतच राहतात आणि त्यांच्या दाबानं ते पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. परसातल्या अळवाच्या पानांवरही हेच दिसतं. अळू, सुरण आणि मॉन्स्टेरा एकाच कुळातले!

थेंब म्हणजे रोग नव्हे. बेळगावच्या पावसाळ्यात मी त्याचा अर्थ एवढाच घेते: कुंडीत पाणी भरपूर आहे, आज तांब्या उचलायचा नाही.

हे कळायच्या आधी माझं एक झाड गेलं. पानं मलूल दिसली म्हणून मी रोज पाणी घालत राहिले. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास येणारी. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भिजलेल्या मातीतही झाड तहानलेलं दिसतं. आणि आपण आणखी पाणी घालतो.

मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या जंगलांतला, झाडांच्या खोडांवर चढणारा वेल. त्याची बरीच मुळं उघड्या हवेतच वाढतात. आपली नुसती लाल माती कुंडीत दाबून भरली, की घट्ट बसते. मी तिच्यात काथ्याचा भुसा, भाताची तुसं आणि फुटक्या कौलांचे तुकडे मिसळते. बोट दोन पेरं आत घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी. जानेवारीच्या थंडीत तर आणखी कमी.

पानांना भोकं पडत नाहीत, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकते. पान गुंडाळलेलं, अगदी इवलं असतानाच त्यातले ठरावीक पेशीसमूह मरतात आणि तिथं भोकं तयार होतात. त्यामुळे अखंड उघडलेल्या पानाला पुढे भोकं पडत नाहीत, वाट पुढच्या पानाची पाहायची. रोप कोवळं असेल तर थांबावंच लागतं. मोठं असूनही पानं अखंड येत असतील, तर बहुतेक वेळा उजेड कमी पडतो. पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा, दुपारचं कडक ऊन मात्र नको.

लोंबणारी मुळं कापू नका, काथ्या गुंडाळलेल्या काठीकडे वळवा. आणि छाटणी केल्यावर हात धुवा: अळवाला खाज आणणारे सुईसारखे स्फटिक याच्या पानादेठांतही असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावरच हवी.