पुष्पिका (सचित्र पोथ्यांतील)

हस्तलिखित पोथीच्या शेवटी लिपिकाराने जोडलेला मजकूर म्हणजे पुष्पिका. ग्रंथनाम, संवत्, तिथी, वार, गाव, राजा, पोथी लिहवून घेणारा आणि लिहिणारा हे सगळे तीत असू शकते. सहसा निम्मेच मिळते. चित्रकाराचे नाव तर विरळाच.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत महाभारताच्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आहे. ती सिकंदर लोदीच्या काळात, आग्र्याजवळच्या कच्छौवा येथे, इ. स. १५१६मध्ये तयार झाली हे पुष्पिकेमुळेच कळते. कार्ल खंडालावाला आणि मोतीचंद्र या कलेतिहासकारांनी १९७४मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चौरपंचाशिका गटातील (त्या काव्याच्या सचित्र पोथीवरून नाव पडलेल्या शैलीतील) चित्रांचा काळ निव्वळ शैलीवरून ठरवताना वाद होत; त्या वादात हे साल पक्की खूण ठरले.

साल काढताना घाई नडते. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे हे खरे. पण जानेवारीपासून संवताच्या वर्षअखेरीपर्यंतच्या तिथींना ५६. शिवाय उत्तरेत वर्ष चैत्रात सुरू होते, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे संवत् १५५०मधला वैशाख उत्तरेच्या हिशेबाने १४९३चा, गुजरातच्या हिशेबाने १४९४चा. वद्य पक्षात पूर्णिमान्त-अमान्त भेदाने (महिना पौर्णिमेला संपवायचा की अमावास्येला) महिन्याचे नावही बदलते. वार दिला असेल तर तिथीशी ताडून पाहावा. जुळेल तीच गणना धरावी. शब्दांक, म्हणजे आकड्यांऐवजी योजलेले शब्द, उलटे वाचतात : मुनि-बाण-वेद-चंद्र म्हणजे १४५७. ‘समुद्र’ मात्र चारही असतो, सातही.

साल बरोबर निघाले तरी ते याच पोथीचे असेल असे नाही. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ म्हणणारा लिपिकार मूळ प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो. म्हणून कागद, अक्षरवळण आणि शाई यांची साक्ष काढावी लागते. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे एक पिवळे खनिज, फासत (‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच). ती सालावर दिसली तर तिरप्या उजेडात खालचे आकडे शोधावेत. हरताळ आर्सेनिकयुक्त असते, तेव्हा बोट लावू नये.

सर्वांत मोठी अडचण साधी आहे. पुष्पिका शेवटच्या पानावर असते आणि बासनात बाहेरच्या बाजूचे तेच पान आधी झिजते. पोथी फोडून विकताना चित्रांची पाने गेली, बिनचित्राचे हे पान मागे पडले, असेही घडते. विखुरलेली पाने जुळवायला पानाची लांबी-रुंदी, दर पृष्ठावरच्या ओळी, समासातला पत्रांक (पानाचा क्रमांक) आणि कसरीने पाडलेली, एकाखाली एक येणारी भोके उपयोगी पडतात.