ओरल सबम्युकस फायब्रोसिस : तीव्रतेचे मूल्यमापन

ओरल सबम्युकस फायब्रोसिस हा तोंडाच्या आतील नाजूक अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जाण्याचा दीर्घकालीन आजार आहे. अस्तर पांढुरके पडते, ताठर होते, तिखट सोसेनासे होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असलेल्या तोंडाच्या विकारांत तो मोडतो. रोग कितपत पुढे गेला आहे, हे ठरवण्यासाठी रुग्णाच्या तक्रारी, तोंडाची मोजमापे, हाताने केलेली तपासणी आणि गरजेनुसार ऊतीचा नमुना यांचा एकत्र विचार करतात. या बाजू एकाच वेगाने बिघडत नाहीत, आणि मूल्यमापनातली खरी अडचण तीच आहे.

आजाराचे आधुनिक वर्णन 1952 साली श्वार्ट्झ यांनी केले. त्यांच्या रुग्ण केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रिया होत्या. पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींमधील याच बदलांना सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. मुख्य कारण सुपारी. तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्य तंतुपेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे तंतू बनवणारे प्रथिन, तयार करायला लावते, टॅनिनमुळे ते कोलॅजन सहज विरघळत नाही, आणि सुपारीतील तांबे लायसिल ऑक्सिडेज या विकराची क्रिया वाढवून तंतूंची वीण आणखी घट्ट करते. तंबाखू नसलेली सुपारीही त्यामुळे निर्धोक ठरत नाही. सवय किती वर्षांची, दिवसातून किती वेळा, गाल कोणता, घास किती वेळ धरून ठेवतात, हे सगळे तपासणीच्या कागदावर यायला हवे. पण नुसत्या वर्षांवरून तीव्रतेचा अंदाज बांधू नये. थोड्याच काळात तोंड आवळलेले तरुण रुग्णही दिसतात.

सर्वांत जास्त वापरले जाणारे माप म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या मधल्या पटाशीच्या दातांच्या कडांमधले अंतर. व्हर्निअर कॅलिपरने ते मिलिमीटरमध्ये घेतात. रुग्णाला स्वतःच्या जोरावर उघडता येते तेवढेच मोजायचे. बोटांनी ताणून उघडलेले अंतर वेगळे लिहायचे. दात पडलेले, झिजलेले किंवा पुढे आलेले असतील तर आकडा फसवतो. दात नसल्यास हिरड्यांच्या कडांमधले अंतर घेतात, मात्र ते दातांच्या मापाशी थेट ताडून पाहता येत नाही. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ही झटपट चाचणी शिबिरात उपयोगी पडते. उपचाराचा परिणाम तपासायला ती पुरत नाही.

खन्ना आणि आंद्रादे यांच्या 1995 च्या वर्गीकरणात पहिल्या गटात उघडणे सर्वसाधारण असते, दुसऱ्यात 26 ते 35 मिमी, तिसऱ्यात 15 ते 25 मिमी आणि चौथ्यात त्याहून कमी. चौथ्या गटाचाच एक उपगट कर्करोगपूर्व किंवा कर्करोगाचे बदल आढळलेल्या रुग्णांसाठी आहे. त्याच वर्षीच्या लाय यांच्या वर्गीकरणात सीमा 35, 30 आणि 20 मिमी अशा आहेत. त्यामुळे 28 मिमी उघडणारे तोंड एका पद्धतीत दुसऱ्या गटात बसते, तर दुसऱ्या पद्धतीत तिसऱ्या. अहवालात नुसता गट लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. मूळ आकडा आणि वापरलेली पद्धत, दोन्ही लिहावीत.

मोरे व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हा गुंता बराच सोडवला. त्यांनी तोंड उघडण्याची पायरी आणि तोंडातल्या बदलांची पायरी वेगवेगळी ठेवली. पहिली एम 1 ते एम 4 अशी, तिच्या सीमा 35, 25 आणि 15 मिमी. दुसरी एस 1 ते एस 4: आधी दाह किंवा पांढुरकेपणा, मग गालात किंवा घशाच्या भागात हाताला लागणारे पट्टे, त्यानंतर तोंडाच्या इतर भागांतही पट्टे, आणि शेवटी सोबत दुसरा कर्करोगपूर्व विकार किंवा प्रत्यक्ष कर्करोग. एम 1 आणि एस 4 एकाच रुग्णात असू शकतात, हे या मांडणीत लपत नाही.

पट्टे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात. गाल अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून मागून पुढे चाचपला की उभे, ताणलेल्या दोरीसारखे पट्टे लागतात. ओठांत ते तोंडाभोवती वर्तुळाकार असतात. पडजीभ आखडून कळीएवढी उरते किंवा एका बाजूला वळते. जीभ दातांच्या कडेपासून किती बाहेर येते तेही मोजतात. गाल फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. जळजळ शून्य ते दहा या मापावर रुग्णाकडूनच विचारून घेतात. रोग घशाकडे सरकला की गिळताना त्रास, कानात दुखणे, ऐकू कमी येणे आणि नाकातून येणारा आवाज अशा तक्रारी सुरू होतात. दंतचिकित्सकाने न विचारल्यास रुग्ण त्या बहुधा सांगत नाही.

तोंड न उघडण्याचे कारण दरवेळी हेच नसते. अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीची सूज, जबड्याचा सांधा जखडणे, किरणोपचारानंतरचा ताठरपणा, स्क्लेरोडर्मा हा त्वचा कडक करणारा आजार, आणि जबड्याच्या स्नायूंत शिरलेला कर्करोग यांनीही तोंड आवळते. उघडणे काही आठवड्यांत झपाट्याने घटले तर शेवटची शक्यता आधी तपासतात.

ऊतीच्या नमुन्यावरची प्रतवारी पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी 1966 मध्ये दिली: अतिप्रारंभिक, प्रारंभिक, मध्यम आणि प्रगत. सुरुवातीला सूज आणि बारीक तंतू, पुढे कोलॅजनचे एकजीव काचेसारखे थर, आक्रसलेल्या रक्तवाहिन्या आणि पातळ झालेले अस्तर. पण नमुना घेतलेल्या जागेपुरताच तो बोलतो. अस्तराच्या पेशींतील विकृती, म्हणजे डिसप्लेसिया, याची नोंद तंतूंच्या प्रमाणापासून वेगळी करावी लागते, कारण कर्करोगाचा धोका तिच्याशी जोडलेला आहे. केरळमधील रुग्णांच्या 17 वर्षांच्या पाठपुराव्यात 7.6 टक्के रुग्णांत कर्करोग आढळला होता. अगदी आवळलेल्या तोंडात आणखी एक पेच असतो: मागचा भाग दिसतच नाही, आणि नेमका तिथला व्रण सुटू शकतो.

उपचार तीव्रतेनुसार ठरतात. सौम्य टप्प्यात सुपारी सोडणे, औषधे आणि तोंडाचे व्यायाम. पुढच्या टप्प्यात इंजेक्शने. अगदी कमी उघडत असेल तर पट्टे कापून त्या जागी दुसरी ऊती बसवणे, असा ढोबळ क्रम असतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळालेले अंतर व्यायाम टाळल्यास पुन्हा घटते. म्हणून परिणाम ठरवताना काही महिन्यांनंतरचे, रुग्णाने स्वतः उघडलेल्या तोंडाचे माप धरतात, आणि पूर्वीचाच दात व तीच पद्धत वापरतात.