बॅलार्ड पियर ते मलबार हिल : क्रूझ प्रवाशांच्या मुंबईदर्शनाची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरपासून परदेशी क्रूझ जहाजे मुंबई बंदरात येऊ लागतात आणि मे महिन्याच्या आसपास हा हंगाम संपतो. जहाज पहाटे धक्क्याला लागते, प्रवासी न्याहारी करून उतरतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी संध्याकाळी परत जहाजावर चढतात. मधल्या सहा-आठ तासांत त्यांना वातानुकूलित बसमधून जी मुंबई दाखवली जाते, तिचा मार्ग जवळजवळ ठरलेला आहे : गेटवे, फोर्टातील गॉथिक इमारती, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, मलबार हिल, मणिभवन आणि महालक्ष्मीचा धोबीघाट. हा मार्ग कोणा पर्यटन खात्याने एका बैठकीत आखला, असे मात्र नाही. कापसाचा पैसा, सुएझचा कालवा आणि जहाजे लागण्यासाठी निवडलेली जागा या एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गोष्टींनी तो घडवला, आणि आजही पाहुण्याला मुंबईचा कोणता भाग दिसावा व कोणता दिसू नये हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून आहे.

नोव्हेंबर 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या जहाजांसाठी मुंबई हे हिंदुस्थानातले पहिले मोठे बंदर ठरले. 1873 मध्ये बंदराच्या कारभारासाठी पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ मोठी जहाजे बंदरात नांगर टाकून उभी राहत आणि प्रवासी होड्यांनी किंवा लहान वाफेच्या बोटींनी अपोलो बंदरावर, म्हणजे आजच्या गेटवेच्या जागी, उतरत. 1903 मध्ये ताजमहाल हॉटेल याच किनाऱ्यावर उघडले, त्याचे कारण हेच. दक्षिण आफ्रिकेहून कायमचे परतलेले गांधीजीही 9 जानेवारी 1915 रोजी अपोलो बंदरावरच उतरले. त्याच सुमारास शहराचा दरवाजा थोडा उत्तरेला सरकत होता. 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला. त्याच्या लगत समुद्रात भर घालून जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याने बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि प्रवासी जहाजे बॅलार्ड पियरला लागू लागली.

या काळातला जहाजाचा प्रवासी मात्र पर्यटक नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे. तो अधिकारी, लष्करी माणूस, मिशनरी किंवा व्यापारी असे आणि त्याला पुढे जायचे असे. धक्क्यालाच बॅलार्ड पियर मोल नावाचे रेल्वे स्थानक होते. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल जहाजांच्या हंगामात या स्थानकावरून सुटे, म्हणजे विलायतेहून आलेला साहेब शहरात पाऊलही न टाकता बोटीतून थेट गाडीत बसून दिल्ली-पेशावरकडे निघू शकत असे. मुंबई ही त्याच्या दृष्टीने उतरण्याची जागा होती, पाहण्याची नव्हे. क्रूझच्या प्रवाशाने हे नाते बदलले, कारण त्याला शहरातून पुढे कुठेच जायचे नसते. त्याच जहाजावर, आणि तेही वेळेत, परतायचे असते.

थॉमस कुक यांनी 1872-73 मध्ये पहिली जगप्रदक्षिणेची सहल काढली तेव्हा तिच्यात हिंदुस्थान होता, परंतु ती सहल एका जहाजाची नव्हती. टप्प्याटप्प्याने जहाजे आणि आगगाड्या बदलत ती पार पडली. 1909-10 मध्ये हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'क्लीव्हलँड' जहाजाने अमेरिकी पर्यटकांना घेऊन न्यूयॉर्कहून पूर्वेच्या दिशेने जात सॅन फ्रान्सिस्को गाठले आणि 1922-23 मध्ये क्युनार्डच्या 'लॅकोनिया'ने संपूर्ण जगप्रदक्षिणा एकाच जहाजातून घडवली. येथून जहाज हेच हॉटेल झाले आणि बंदर ही दिवसभराची भेट ठरली. ज्यांना आग्रा आणि दिल्ली पाहायची असे त्यांच्यासाठी आगगाडीची वेगळी सोय केली जाई आणि ते पुढच्या एखाद्या बंदरात जहाजाला येऊन मिळत; उरलेल्यांना मोटारीतून किंवा घोडागाडीतून शहर दाखवले जाई. आजही जहाजाचा मुक्काम दोन दिवसांचा असेल तर काही प्रवासी विमानाने आग्र्याला जाऊन येतात. पद्धत तीच आहे, वाहन तेवढे बदलले.

आता या पाहुण्यांना धक्क्याजवळ जे शहर सापडले, ते कोणी घडवले होते हे पाहू. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी याच काळात किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेत सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचे धोरण आखले. 1865 मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि कैक पेढ्या बुडाल्या, तरी योजना थांबली नाही. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 ची, उच्च न्यायालयाची इमारत आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 मधील, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रेखाटलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, काम 1878 मध्ये सुरू होऊन 1880 च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. या इमारती बॅलार्ड पियरपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. वेळ मोजका असलेल्या प्रवाशासाठी याहून सोयीची मांडणी शोधूनही सापडली नसती, आणि म्हणून सहलीच्या पहिल्या तासात आजही याच इमारती येतात.

टर्मिनससमोर बस फार वेळ थांबू शकत नाही. महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या बाजूला उतरून गटाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात आणि एवढ्यातच जाणता गाइड आणि पाठांतरवाला गाइड यांतला फरक कळतो. पाठांतरवाला साल, वास्तुविशारद आणि जागतिक वारसा यादीतील 2004 ची नोंद सांगून मोकळा होतो. जाणता गाइड आधी फाटकाच्या खांबांकडे बोट दाखवतो : एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, एक ब्रिटनचा, दुसरा हिंदुस्थानचा. मग घुमटावरच्या प्रगतीच्या स्त्रीमूर्तीकडे नजर वळवतो, दर्शनी भागातल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याची जागा आता रिकामी का आहे ते सांगतो आणि त्यानंतर दगडातली पाने, पक्षी, प्राणी पाहायला लावतो, कारण या कोरीवकामात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. साम्राज्याची इमारत इथल्या माणसांच्या हातांनी कशी घडली, हे पाहुण्याला त्या चार वाक्यांत उमगते. मुंबई दाखवणे म्हणजे माझ्या मते हेच, आणि ते पंधरा मिनिटांतही साधते.

मार्गाचा दुसरा भाग मलबार हिलचा. तेथील जलाशयावर 1880 च्या सुमारास केलेली हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान, आणि समोरचे कमला नेहरू पार्क येथून मरीन ड्राइव्हचा अर्धगोल दिसतो. जवळच पारशांचे दखमे, म्हणजे अंत्यविधीचे मनोरे, आहेत. तेथे परक्यांना प्रवेश नाही, पण त्यांची माहिती दिली नाही अशी सहल विरळा. गेटवेचा समावेश मात्र नंतरचा : राजे पंचम जॉर्ज 1911 मध्ये उतरले, 1913 मध्ये कोनशिला बसली आणि कमान खुली झाली 4 डिसेंबर 1924 रोजी. म्हणजे 'क्लीव्हलँड'च्या प्रवाशांनी ती पाहिलेलीच नाही. स्वातंत्र्यानंतर या वसाहतकालीन मार्गात आपली स्थळे मिसळत गेली. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचे मुंबईतील कार्यस्थान असलेले गावदेवीचे मणिभवन स्मारक झाले आणि सहलींचा नेमाचा थांबा बनले. फ्लोरा फाउंटनशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. बस तेथून जातेच, पण कारंज्याविषयी सांगून झाल्यावर या स्मारकाविषयी एक वाक्यही न बोलता पुढे जाणारे गाइड आहेत, याचे वाईट वाटते. ज्या आंदोलनातून 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, ते कळल्याशिवाय हे शहर कोणाचे, हा प्रश्न पाहुण्याला पडणारही नाही.

घारापुरीची गोष्ट वेगळी. ही लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, गेटवेहून लाँचने जायला सुमारे तास लागतो आणि येण्या-जाण्यासह अर्धा दिवस सहज संपतो. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे जहाज सोमवारी आले तर हा पर्याय मुळातच बाद होतो. परदेशी प्रवाशाला 600 रुपये आणि भारतीयाला 40 रुपये तिकीट आहे. या बेटाला पोर्तुगीजांकडून एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीमुळे मिळाले, तो हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना भंगला. तुकडे जोडून तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, आताच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा केला गेला. लेणी पाहून आलेल्या प्रवाशाला हा हत्ती दाखवणे किती सुसंगत ठरेल. पण भायखळा ठरलेल्या वाटेवर पडत नाही.

1960 नंतरच्या दशकात जेट विमानांनी जहाजांचे प्रवासी पळवले, 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद राहिला आणि विलायतेची नेमाची बोट इतिहासजमा झाली. उरली ती हिवाळ्यात जगप्रदक्षिणेवर निघणारी मोजकी जहाजे. याच काळात देशातील पर्यटनव्यवस्था आकार घेत होती : 1966 मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ आणि 1975 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय गाइडचे काम करता येणार नाही, असे 1959 च्या नियमांनी ठरवले होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या परवान्याचे गाइड पुढे या सहलींचा कणा झाले. जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश बोलणाऱ्यांना विशेष मागणी असते, कारण एकाच जहाजावरच्या बसगाड्या भाषेनुसार लागतात. हे काम हंगामी आहे. जहाज आले की एका दिवसात भरपूर गाइड लागतात आणि पावसाळ्यात एकही लागत नाही.

सहल बहुधा जहाजावरच विकली जाते. स्थानिक प्रवासकंपनी बस, गाइड आणि प्रवेशतिकिटांची व्यवस्था करते. जहाजाने विकलेली सहल वाहतुकीत अडकली तर जहाज सामान्यतः तिची वाट पाहते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यासाठी तशी हमी नसते. म्हणूनच बॅलार्ड इस्टेटमधील बंदराच्या ग्रीन गेटबाहेर टॅक्सीवाल्याशी भाव ठरवून स्वस्तात फिरून येणारे प्रवासी असले, तरी बरेच जण महागडी बस पत्करतात. पूर्वी याच पाहुण्यांना व्हिक्टोरिया घोडागाडीचे आकर्षण असे. घोड्यांच्या हालअपेष्टांचा विचार करून उच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्या बंद करण्याचा आदेश दिला आणि तो योग्यच होता.

2008 या एकाच वर्षात दोन परस्परविरोधी गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने जूनमध्ये क्रूझ जहाजवाहतुकीचे धोरण मंजूर केले आणि नोव्हेंबरमध्ये समुद्रमार्गे आलेल्या अतिरेक्यांनी नेमक्या ताज आणि सीएसटी या सहलीतल्या ठिकाणांवरच हल्ला केला. बंदराची आणि गेटवे परिसराची सुरक्षा त्यानंतर कितीतरी कडक झाली. मुंबईदर्शनाचे खरे तास मात्र कागदपत्रांनी खाल्ले होते. व्हिसा आणि प्रत्येक प्रवाशाची इमिग्रेशन तपासणी यांत सकाळ निघून जाई आणि बस सुटायला उशीर झाला की कापला जाई तो शेवटचा थांबा. 2014 मध्ये विमानतळांसाठी सुरू झालेला ई-व्हिसा 2017 मध्ये मुंबई, मार्मागोवा, न्यू मंगळूर, कोची आणि चेन्नई या बंदरांना लागू झाला आणि क्रूझ प्रवाशांना काही काळ बायोमेट्रिकमधूनही सूट मिळाली. धोरणाच्या भाषेत हा लहानसा बदल असेल. गाइडच्या वेळापत्रकात तो मोठा होता.

सहलीत काय नाही, हेही सांगितले पाहिजे. 1863 मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले तेव्हा त्यांनी शहराच्या पेठा, देवळे, जातीजमाती आणि उद्योगधंदे नोंदवले, कारण त्यांचा वाचक इथलाच होता. क्रूझच्या मार्गात कोळीवाडे नाहीत, गिरगावातील खोताची वाडी क्वचित येते, गिरणगाव जवळजवळ नाहीच. कष्टकरी मुंबईचा एकच नेमाचा थांबा आहे तो महालक्ष्मी स्थानकाजवळच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट, आणि तोही वरून, कॅमेऱ्यातून. गेल्या वीसेक वर्षांत धारावीच्या पायी सहली सुरू झाल्या. लघुउद्योगांकडे नीट लक्ष वेधणारी आणि छायाचित्रे टाळणारी सहल आणि दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणारी सहल यांत अंतर आहे, आणि ते गाइडच राखू शकतो.

बॅलार्ड पियरवरील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची आणि एका वेळी पाच जहाजांची क्षमता त्यात धरली आहे, तर 2024 मध्ये जाहीर झालेल्या क्रूझ भारत मिशनचा भर अशा प्रवासाची वाढ करण्यावर आहे. दरम्यान किनारी मार्गाने वरळीपर्यंतचे अंतर आटोक्यात आणले असून भुयारी मेट्रो फोर्टापासून थेट उत्तरेकडे जाऊ लागली आहे. धक्क्यापासून वरळीचा कोळीवाडा, भायखळ्याचे संग्रहालय किंवा परळ-लालबाग आता सहा तासांच्या हिशेबात बसवता येण्याजोगे झाले आहे. त्यासाठी कार्यक्रम नव्याने आखणारे आयोजक आणि त्या वस्त्यांची माहिती असलेले, मराठी बोलणारे गाइड येत्या हंगामांत लागतील.